कांबळे सरांचं फणसाचं पिंप

कांबळे सर पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपमध्ये आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार करायच्या आधी माझ्या लाकडांचा वास घेतला.

उद्यमनगरात माझं फर्निचरचं काम चालतं. किचन ट्रॉल्या, वॉर्डरोब, टीव्ही युनिट. खरं लाकूड महिन्यातून एखाद्या वेळेला हाताला लागतं, बाकी सगळं प्लायवूड. पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात करकर वाजणाऱ्या चपला, असा सत्तरीकडे झुकलेला एक किडकिडीत माणूस आत आला, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्यांपाशी गेला, चष्मा काढून खिशात ठेवला आणि एकेका फळीला नाक लावत पुढं सरकला.

“सागवान. सागवान. हे शिवण. हे भायेरदेशाचं हाय, मला नाव न्हाय म्हाईत. आन ही फळी परत पाठवा, हिच्यात आत कीड पडल्या.”

ती फळी मी आदल्याच दिवशी घेतली होती. नंतर कापली तेव्हा आतून भुसा निघाला. पण त्या वेळी मी फक्त म्हटलं, “पावणं, काय पाहिजे तुम्हाला?”

“पिंप पायजे. लाकडी. कळशीएवढं. एक बी खिळा नको आन सरस तर अजिबात नको.”

“आत काय ठेवणार?”

“रम.”

माझ्या दोन्ही कारागिरांनी हातातली कामं थांबवली. सर त्यांच्याकडे वळून, चहा बिनसाखरेचा सांगावा तितक्या सहज म्हणाले, “मी पीत न्हाय.”

ते आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचे, हे मला तेव्हा कळलं. जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत त्यांनी केमिस्ट म्हणून उभी नोकरी काढली होती. सगळा तालुका झिंगेल एवढं अल्कोहोल त्यांच्या नाकाखालून गेलं, पण जिभेला एक थेंब लागला नाही. रविवारी सकाळी ते आणि त्यांच्या पत्नी माई विहारात जायचे, पंचशील घ्यायचे; त्यातलं पाचवं दारूपासून लांब राहण्याचं. माई सगळ्या गल्लीदेखत म्हणायच्या, “पाचवं शील म्हणताना ह्यांचा आवाज बारीक का होतो, ते इचारा की एकदा.”

“मी पितो का?” सर विचारायचे.

“पीत न्हाय. पाजता की!”

“त्याच्यावर इचार चालू हाय,” एवढंच सर म्हणायचे. हा विचार माझ्या माहितीत तीन वर्षं चालू होता.

घरी भट्टी लावणं हा गुन्हा आहे आणि सर कायद्याचे पक्के. त्यांनी रीतसर दारूचा परवाना काढला होता. गल्लीत पिणारे पुष्कळ, पण परवाना असलेला माणूस एकच आणि तोच न पिणारा. तो कागद लॅमिनेट करून ते शर्टाच्या खिशात बाळगायचे. दुकानात गेले की आधी परवाना काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, “रम द्या. सगळ्यात वाईट असंल ती.”

दुकानदार पहिल्यांदा दचकला होता. “सर, सगळ्यात स्वस्त म्हणायचंय का तुम्हाला?”

“न्हाय. सगळ्यात वाईट. चांगलीला चांगली कोण बी करंल.”

त्यांचं म्हणणं असं की हलकी रम म्हणजे नुसतं स्पिरिट, वरनं जाळलेल्या साखरेचा रंग आणि बाटलीतला वास. आधी हा सगळा मेकअप उतरवायचा. मग ती चांगल्या लाकडात ठेवून द्यायची आणि तिच्याकडे बघायचं नाही. मेकअप उतरवायला कोळसा लागतो आणि तो करवंटीचाच लागतो. पहिलं महाभारत झालं ते या कोळशापायी.

सर महिनाभर देवळाबाहेरच्या नारळवाल्यांकडून करवंट्या गोळा करत होते. एका सकाळी त्यांनी त्या पत्र्याच्या डब्यात भरल्या, झाकणाला एक भोक ठेवलं आणि अंगणात खाली जाळ केला. वारं होतं पश्चिमेचं. अर्ध्या तासात सगळ्या गल्लीची वाळत घातलेली धुणी काळी. खोकत खोकत माणसं बाहेर आली आणि तात्या पाटलांच्या पुढारपणाखाली पाचसहा जण सरांच्या दारात जाऊन उभे राहिले. तात्या निवृत्त तलाठी. आवाज असा, की शेजारच्या गल्लीतली कुत्री उठून बसावीत. मी त्या घोळक्यात नव्हतो, हे सगळं मला पुढं तात्यांनीच रंगवून सांगितलं.

हे भांडण झालंच नाही. सर न्हाणीघरात होते. माईंनी सगळ्यांना आत बसवलं आणि रीतीप्रमाणे आधी पाणी दिलं. ते त्यांनी कोपऱ्यातल्या स्टीलच्या फिल्टरमधनं काढलं होतं. त्या फिल्टरच्या कँडल काढून सरांनी आधी थोडा करून बघितलेला कोळसा थर देऊन भरला होता आणि रात्रभर त्यातनं रम गाळून खालच्या भांड्यात उतरवली होती, हे माईंना कुणी सांगितलं नव्हतं. कोळशातून गाळली की रमचा रंग जातो. पाण्यासारखी दिसते.

पहिला पेला तात्यांच्या हातात. त्यांनी रागाच्या भरात तो निम्मा एका दमात घशात ओतला. मग थांबले. डोळे मोठे झाले, भरून आले. कान लाल झाले. सगळ्यांना वाटलं ठसका लागला. तात्यांनी हळूच पेल्यात बघितलं, माईंकडे बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं आणि उरलेला पेला अगदी सावकाश संपवला.

तोवर सर पंचा गुंडाळून बाहेर आले. “बोला तात्या. काय तक्रार हाय?”

“तक्रार?” तात्या म्हणाले. “तक्रार कसली? जरा धूर झाला, हुतोयच की. माणसाच्या घरात चूल पेटती म्हटल्यावर धूर हुणारच.” आणि पेला पुढं करून, “वैनी, पाणी ग्वाड हाय तुमचं. आणि एक भांडं द्या.”

माईंनी पेल्याचा वास घेतला आणि पुढचा तासभर गल्लीला सरांचा आवाज ऐकू आला नाही. माईंचा आला. फिल्टर त्या दिवसापासून सरांच्या नावावर झाला, माईंनी नवा घेतला आणि तात्या पाटील कायमचे सरांचे चवकरी झाले. ज्याला स्वतः चाखायचं नाही त्याला चवकरी लागतोच.

सरांनी वेगवेगळ्या लाकडांच्या चिपट्या काचेच्या बरण्यांत गाळलेल्या रममध्ये बुडवून ठेवल्या होत्या. प्रत्येक बरणीला चिठ्ठी. दर पंधरा दिवसांनी तात्या यायचे. सर बरणी उघडून वास घ्यायचे, वहीत लिहायचे आणि मग तात्यांना चमचाभर द्यायचे.

“कशी हाय?”

“भारी.”

“भारी म्हंजे?”

“म्हंजे... भारी की!”

“तात्या, सातबाऱ्यावर ‘जमीन भारी’ असं लिवत हुता का तुमी? बागायत, जिरायत, पोटखराबा, कायतरी लिवायचं असतंय की!”

मग तात्या डोळे मिटून प्रयत्न करायचे. सागवानाच्या बरणीला ते म्हणाले, “नव्या कपाटात तोंड घातल्यागत.” बाभळीला म्हणाले, “पान खाऊन चुना जास्त झाल्यावर.” आंब्याला, “शाळेत पेन्सिल चावायचो तसं.” सरांनी हे सगळं वहीत जसंच्या तसं उतरवलं. फणसाच्या बरणीला मात्र तात्या काही बोललेच नाहीत. नुसता चमचा पुढं केला.

म्हणून सर माझ्याकडे फणसाचं पिंप मागायला आले होते.

मी हो म्हटलं खरं, पण पिंप आयुष्यात केलं नव्हतं. आमच्या मागच्या पडवीत वीस वर्षं वाळलेल्या फणसाच्या फळ्या होत्या, आजऱ्याकडून अण्णांनी आणलेल्या. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्मभर त्यांनी बैलगाडीची चाकं केली. पुढं गाड्यांना टायर आले, ट्रॅक्टर आले, अण्णा खाटेवर बसले. माझ्या प्लायवूडच्या कामाला ते ‘खोकी’ म्हणायचे आणि वर्कशॉपमध्ये यायचे नाहीत. फळ्या मागितल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, “खोक्याला?”

“पिंपाला.”

“हूं,” अण्णा म्हणाले आणि कूस बदलली.

मी मापं काढली, फळ्यांना बाक दिला, कडा तासल्या, वरून लोखंडी पट्ट्यांची कडी नटबोल्टनं आवळली. सर रोज येऊन बसायचे, भुशाची चिमूट नाकाला लावायचे आणि मान डोलवायचे. तयार झाल्यावर वर्कशॉपच्या दारात पिंपात पाणी भरलं. एका मिनिटात बारा ठिकाणांहून बारा धारा. कारागीर हसायला लागले. सर हसले नाहीत. ते खाली वाकून धारा मोजत म्हणाले, “कारंजं झालंय झकास. बागेत लावू.”

मी शरमेनं ते पिंप घरी आणून पडवीत टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघतो तर अण्णा जमिनीवर बसलेले, पिंप सुटं केलेलं आणि एकेक फळी उजेडात धरून एक डोळा मिटून बघत होते.

“बोल्ट लावून कुटं लाकूड आवळतंय व्हय रं?” ते म्हणाले. “चाकाला धाव कशी चढवत्यात?”

धाव म्हणजे चाकाची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा कणभर लहान करायची, तापवून लाल करायची, फुगली की चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचं. लोखंड आकसतं आणि लाकडाला असं कवळून धरतं की मरेपर्यंत सोडत नाही. मी हे लहानपणी शंभरदा बघितलं होतं आणि पिंप करताना मला ते आठवलं नव्हतं.

दोन दिवस अण्णा रंधा चालवत होते. तिसऱ्या दिवशी अंगणात शेणी, म्हणजे गोवऱ्या, रचून त्यात कडी तापत ठेवली. सर, तात्या, माई, सगळे हजर. सरांनी आधी एक अट घातली, की पिंप आतून थोडं जाळायचं. पेटता पेंढा आत फिरवायचा.

अण्णा उसळले. “नवं लाकूड जाळायचं? डोकं फिरलंय का सायबाचं?”

“अण्णा, नुसतं काळं पडंपतुर.”

“माझ्या हातनं न्हाय हुयाचं.”

शेवटी पेंढा सरांनी फिरवला आणि तेवढा वेळ अण्णा भिंतीकडे तोंड करून बसले. पण जळक्या फणसाचा वास अंगणभर पसरला तेव्हा दोघांनीही एकाच वेळी श्वास आत ओढला. सरांनी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “बरा येतोय.”

मग लाल कडी चिमट्यात धरून चढवली, पाणी ओतलं, वाफ उठली, फळ्या करकरल्या. पाणी भरून पिंप तीन दिवस ठेवलं. चौथ्या दिवशी खालची जमीन कोरडी ठणठणीत होती. अण्णांनी त्या दिवशी दाढी केली आणि वर्कशॉपमध्ये आले. माझ्या एका ट्रॉलीचा कप्पा उघडबंद करून म्हणाले, “खोकं बी जरा साफ केलं पायजे.”

पिंप भरून सरांच्या मागच्या खोलीत ठेवलं. वर त्यांनी चिठ्ठी चिकटवली : ‘हात लावू नये.’ ती तात्यांसाठी होती.

एकदा मी सरांना विचारलं, एवढं नाक कुठून आलं? दुपारची वेळ होती, माई बाहेर गेल्या होत्या. सरांनी चष्मा काढला.

“आमचा अप्पा, म्हंजे बाप, शेतमजूर. जत्रेत कुणीतरी हातभट्टीची पाजली. खराब हुती. दोघं मेले, अप्पा वाचला, पण डोळं गेलं. मंग अकरा वर्सं जगला. वासावरनं माणूस वळखायचा. मी शाळंतनं आलो की म्हणायचा, आज खडू हाताला लागलाय, मास्तरनं फळ्यावर बोलवलंतं वाटतं. आन माझ्याशी पैज लावायचा, डोळं मीट, सांग कोण आलं.” सरांनी चष्मा पुसला. “लोक पिणारच, सुतार. मी न्हाय म्हणून थांबणार न्हाईत. म्हणून ठरवलं, बाटलीत काय हाय ते बघणारा माणूस आपुन व्हायचं.”

नोकरीत त्यांनी ते केलंही. तात्यांनी मला सांगितलं की एकदा साहेबांनी एका टाकीच्या रिपोर्टवर सही करायला सांगितली. सरांनी झाकण उघडून वास घेतला आणि पेन खिशात परत ठेवलं. सही केली नाही. साहेबांनी त्यांना उचलून उसाच्या वजनकाट्यावर टाकलं. तिथं ते गाडीतला ऊस हुंगून सांगायला लागले, “परवा तोडलाय, आज आणलाय.” शिळा ऊस घेऊन येणारे शेतकरी काट्यावर कांबळे आहेत म्हटल्यावर गाडी वळवून चहा प्यायला जायचे. चार वर्षांनी साहेबांनीच त्यांना लॅबमध्ये परत बोलावलं. काट्याशी फारच शांतता झाली होती.

पिंप भरल्याला वर्ष होऊन गेलं. त्या थंडीत सरांना ताप आला, आठवडाभर अंथरुणात होते. बरे झाले आणि नेहमीसारखे वर्कशॉपला आले. नवीन माल उतरला होता. मी सहज एक तुकडा पुढं केला. “सर, सांगा बघू.”

त्यांनी वास घेतला. बराच वेळ घेतला. “फणस,” ते म्हणाले.

तो सागवान होता. कुणीही सांगेल असा.

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि त्यांना कळलं. तुकडा त्यांनी टेबलावर हळूच ठेवला.

“तीन आठवडं झालं,” ते म्हणाले. “दूध करपलं, मी चुलीजवळ पेपर वाचत बसलोतो. माई भांडली. तिला वाटलं, माझं ध्यान न्हाय. कायच येत न्हाय रं, सुतार. भात, साबण, माती, कायच न्हाय. डॉक्टर म्हंतोय यील. कधी, ते त्याला बी म्हाईत न्हाय.”

पुढचे महिने सर घराबाहेर फारसे पडले नाहीत. जेवण कमी झालं. माई चटणीत लसूण दुप्पट घालायच्या, उदबत्ती लावायच्या, त्यांच्या नाकाशी कढीपत्ता चुरगळून धरायच्या. पिंप मागच्या खोलीत तसंच. शेवटी तात्यांनीच विषय काढला. “सर, तुमीच म्हणलावतासा, दीड वरसाच्या वर ठिवायची न्हाय. लाकूड चढतंय.”

एका रविवारी सकाळी विहारातून आल्यावर सरांनी मला, अण्णांना आणि तात्यांना बोलावलं. तोटी उघडली. पिंपातली एकतृतीयांश तर लाकडानं आणि उन्हाळ्यानंच पिऊन टाकली होती. उरलेली पेल्यात उतरली ती मधासारख्या रंगाची. सरांनी पेला नाकाशी नेला. डोळे मिटले. त्यांनी डोळे उघडले आणि मान हलवली.

तात्यांनी न राहवून म्हटलं, “सर, एक थेंब. जिभंवर ठेवा आन थुकून टाका. दीड वरीस राबलायसा.”

दारात माई उभ्या होत्या. मला वाटलं, आता तात्यांचं काही खरं नाही. पण माई म्हणाल्या, “घ्यायची तर घ्या. मी काय म्हणणार न्हाय.” आणि त्यांचा आवाज त्या दिवशी बारीक होता.

सरांनी पेला उजेडात धरला.

“न्हाय,” ते म्हणाले. “चवीसाठी घेतली असती तर निराळं. आता घेतली तर नाकानं हरवलं म्हणून घेतली असं हुईल.” आणि पेला त्यांनी अण्णांच्या हातात दिला. “अण्णा, लाकूड तुमचं. तुमी सांगा.”

अण्णा वर्षातून एकदा, जत्रेला, तीही तोंड वाकडं करून घेणारे. त्यांनी घोट घेतला. गिळला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. सरांनी वही उघडली होती.

“बेंदराला बैल धुतल्यावर गोठ्यात जसं...” अण्णा थांबले. “न्हाय. तसं न्हाय.” दुसरा घोट घेतला. “नवं चाक हाय. पयल्यांदाच गाडीला लावलंय. गाडी गुऱ्हाळावर गेली, आन कुणाच्या तरी हातनं चाकावर काकवी सांडली. मंग दिवसभर ते चाक उन्हात तापलं. सांजच्याला आपुन जवळ गेलो, तर जसं यील, तसं.”

“मी त्येच म्हणणार हुतो,” तात्या म्हणाले.

ऐकता ऐकता सरांनी डोळे मिटले होते. “काकवी आधी का फणस आधी?”

“काकवी. मंग फणस. मागनं जाळ, पर लांबनं.”

“करपट?”

“न्हाय बा.”

“जमलं,” सर म्हणाले. वहीत त्यांनी सगळं लिहिलं, खाली तारीख घातली आणि मग नाक शिंकरायच्या निमित्तानं आत गेले. माई त्यांच्यामागून गेल्या.

लहान बाटल्यांत भरून ती रम वाटली. एक बाटली दारूच्या दुकानदारालाही गेली. तो चाखून म्हणाला, “सर, ही आमची न्हवं.” त्या महिन्यात सर पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

नाक परत आलं नव्हतंच, पुढच्या वर्षी सरांच्या गुडघ्यांनीही दगा दिला आणि दोघांनी मुलीकडे पुण्याला कायमचं जायचं ठरवलं. जायच्या दिवशी सकाळी आम्ही निरोप द्यायला गल्लीच्या तोंडाशी उभे होतो. भाड्याची गाडी आलेली, सामान भरलेलं, माई मागं, सर पुढं पट्टा लावून. तात्यांनी खिडकीतून हात धरलेला, सोडतच नव्हते. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आणि सर एकदम ताठ झाले.

“थांब. थांब. ग्वाड वास येतोय.”

“कसला वास, सर?” तात्यांनी विचारलं.

“ग्वाड. गरम. कायतरी गळतंय.”

ड्रायव्हर वैतागून उतरला, त्यानं बॉनेट उघडलं आणि “आयला!” म्हणाला. कूलंटची नळी फुटली होती, हिरवं पाणी इंजिनावर टपटपत होतं. घाटात गेली असती तर गाडी पेटली असती, असं काहीतरी तो मोठ्यानं सांगत होता. कुणी ऐकत नव्हतं. तोंडाला पदर लावून माई मागच्या सीटवर रडत होत्या आणि रडतारडताच ओरडत होत्या, “अहो, शर्टाला डाग पडंल! चला मागं!” सर खाली उतरले होते. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला होता, दोन्ही हात बंपरवर टेकले होते आणि पांढऱ्याशुभ्र शर्टानिशी त्या तापलेल्या, टपकणाऱ्या इंजिनावर वाकून, डोळे मिटून, पोटभर वास घेत होते.